दगडफुलाचा काढा

वहिनींचा फोन येतो तो संध्याकाळी, दादा शेतातून परतायच्या वेळेला. त्या दिवशी तो सकाळी सव्वाअकराला आला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो, दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल चालू होतं. या वेळी फोन म्हणजे दादाला काही झालं असणार, असं मनात आलं आणि मी हातातली स्लाइड तशीच ठेवून बाहेर व्हरांड्यात गेलो.

"भाऊजी, कामात हाव का?"

"नाही, बोला. दादा बरा आहे ना?"

"ते बरे हायेत. मोसंबीला पाणी द्यायला गेलेत. म्हणून म्हणलं, आत्ताच इचारून घ्यावं."

"काय विचारायचंय?"

"ते तुमचं दगडफूल. त्याचा काढा किती दिस घ्यावा लागतो?"

मला हसूच आलं. "काढा? वहिनी, ते काळ्या मसाल्यात टाकायचं असतं. काढा कोण पितं?"

"एका बाईला पायजे. तिला गाठ आल्ती."

"कुठं?"

पलीकडून उत्तर येईना. अंगणातली कोंबडी ओरडत होती ती ऐकू येत होती, म्हणजे फोन चालू होता. आमच्याकडे वहिनी दिराशी सगळं बोलते, पण काही गोष्टींचं नाव घेत नाही. ती जागा कोणती असेल हे त्या गप्प राहण्यानंच मला कळलं.

"कोणती बाई, वहिनी?"

"आता काय सांगू," त्या म्हणाल्या. "मीच हाय. पर यांला सांगू नका. तुमाला माझी आन हाय."

फोन ठेवल्यावर मी कठड्याला धरून उभा राहिलो. आत मुलं माझी वाट पाहत होती. काय करायचं होतं ते आठवेना. त्यांना वेळेआधीच सोडून दिलं.

दगडफूल सगळ्यांच्या घरात असतं, पण ते फूल नाही हे फार थोड्यांना माहीत असतं. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधारानं राहतात, त्यातून ते तयार होतं. शास्त्राच्या पुस्तकात त्याला शैवाक म्हणतात. आमच्या जालन्याच्या कोरड्या हवेत ते फारसं वाढत नाही. काळ्या खडकावर आणि जुन्या आंब्याच्या सालीवर राखाडी डाग दिसतात तेवढंच. बाजारात जे मिळतं ते थंड डोंगराळ मुलखातून पोत्यांनी येतं. मी पीएच.डी.साठी दगडफूल निवडलं तेव्हा पहिलं अर्धा किलो जालन्यातल्या मस्तगडच्या एका मसाल्याच्या दुकानातून घेतलं होतं. एवढ्या दगडफुलाचा मसाला किती होईल, असं दुकानदारानं विचारलं होतं.

त्यातून मी वेगवेगळी द्रव्यं काढली. ही द्रव्यं ते शैवाक स्वतःच्या बचावासाठी बनवतं: उन्हापासून, किड्यांपासून. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तीन महिने राहून मी ती कॅन्सरच्या पेशींवर टाकून पाहिली. काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची एक प्लेट असते, तिला ओळीनं बारीक बारीक खळगे असतात. खळग्यात पेशी वाढवायच्या, त्यावर द्रव्य टाकायचं, दोन दिवसांनी एक रंग घालायचा. जिथं पेशी जिवंत असतात तिथं जांभळा रंग येतो. मेलेल्या असल्या तर येत नाही. माझ्या प्लेटमध्ये एका टोकाकडून जांभळा रंग फिका होत होत नाहीसा झाला होता. त्या दिवशी मी पुण्याच्या रस्त्यावरून एकटाच हसत चाललो होतो.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा गावानं माझा सत्कार केला. कुंभार पिंपळगावच्या पुढं एक फाटा फुटतो, तिथून आत आमचं गाव. शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. गावातला पहिला डॉक्टर, पण इंजेक्शन न देणारा, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मग मी बोलायला उठलो. आधी थोडं शास्त्राचं बोललो, तर लोक आपसात बोलायला लागले. तेव्हा मी म्हणालो, "आपल्या आयाबहिणींच्या मसाल्याच्या डब्यात कॅन्सर मारणारं औषध आहे. ते मी डोळ्यांनी पाहिलंय." मांडव एकदम शांत झाला आणि मग टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत, बायकांच्या बाजूला, वहिनी बसल्या होत्या. मी पाचवीत असताना त्या आमच्या घरात आल्या. आई त्याआधीच गेली होती. माझ्या शाळेच्या डब्यापासून कॉलेजच्या फॉर्मवरच्या फोटोसाठी शर्टाला इस्त्री करण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. त्या दिवशी त्या रडत होत्या. मला वाटलं, कौतुकानं.

एक गोष्ट मी मांडवात सांगितली नाही. शेवटी आम्ही तीच द्रव्यं निरोगी पेशींवरही टाकून पाहिली होती. त्या प्लेटमध्येही जांभळा रंग गेला होता. थोडं जास्त प्रमाण लागलं, पण गेला होता. प्रबंधात ते आहे, तक्ता आहे, त्याखाली माझंच स्पष्टीकरण आहे. म्हणजे मी काही लपवलं नव्हतं, असं मी त्या व्हरांड्यात उभा राहून स्वतःला सांगत होतो, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

बायको बँकेत आहे. तिला फोन केला. ती एकदाच म्हणाली, "उद्या जायचं. रविवारची वाट पाहायची नाही." दुसऱ्या दिवशी दोघांनी रजा टाकली आणि अंबडच्या रस्त्यानं निघालो. वाटेत ती मला विचारत होती, गाठ केवढी आहे, दुखते का, कातडी ओढली गेलीय का. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी वहिनींना काहीच विचारलं नव्हतं.

दादा ओसरीवर होता. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा माणूस. "आज कालेज न्हाई का रे?" म्हणाला. मी सुट्टी घेतली म्हणालो. बायको सरळ आत गेली. आतल्या खोलीचं दार लागलं. दादा मला मोसंबीच्या झाडांचं सांगत होता, दोन झाडांचे शेंडे वाळून राह्यलेत, येऊन पाहतोस का. मी हो हो करत होतो आणि कान दाराकडे होते. बांगड्यांचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. दार उघडलं तेव्हा बायको माझ्यासमोरून सरळ मोरीकडे हात धुवायला गेली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला तेवढंच पुरलं.

दादा चहा पिऊन शेतातली पाण्याची मोटार बंद करायला गेला तसा मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनींनी ओट्याखालून स्टीलचा डबा काढला. आत दगडफूल, कुटलेलं. बाजूला छोटा खलबत्ता.

"हे असं कुटायचं, चमचाभर टाकायचं, पेलाभर पाण्याचं अर्धं होईस्तोवर उकळायचं. सकाळ-संध्याकाळ."

"गाळून घेता ना?"

"गाळायचं काहून? औषध वाया जातंय. खालचा गाळ बी खाते मी."

"कधीपासून?"

त्यांनी पदर सारखा केला. "तुमच्या सत्काराच्या आधीच हाताला लागली व्हती. वाटाण्यायेवढी. लई भ्याले मी. डॉक्टरकडं जायचंच म्हणत व्हते. मंग तुमचं भाषण ऐकलं, अन् जिवात जीव आला."

सत्कार पोळ्याच्या आधी झाला होता. आता महाशिवरात्र होऊन गेली होती. मी बोटांवर महिने मोजले, त्या बघत होत्या.

"आता केवढी आहे?" मी विचारलं.

"लिंबायेवढी," माझ्या बायकोनं दारातून सांगितलं. "आणि बगलेतही लागतंय हाताला."

"वहिनी, मला का नाही विचारलं? एक फोन करायचा."

"तुमाला कसं इचारू?" त्या म्हणाल्या. "आन् तुमी सांगितलंच व्हतं की सगळ्यांसमोर."

दादाला मी शेतात जाऊन सांगितलं. वहिनींची आण मोडली. भाषणाचं आणि काढ्याचं मात्र मी सांगितलं नाही. फक्त म्हणालो, गाठ आहे, लगेच दाखवावी लागेल. दादानं खोऱ्याची माती हातानं पुसली, पाण्यात हात धुतले आणि म्हणाला, "चल मंग."

जालन्याच्या डॉक्टरांनी हात लावताच चिठ्ठी लिहून दिली. आम्ही संभाजीनगरच्या हॉस्पिटलात गेलो. सुईनं तुकडा काढला, पोटाची आणि छातीची तपासणी झाली, रक्त घेतलं. तिथं ज्या डॉक्टरबाई होत्या त्या पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वहिनींना विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे? आयुर्वेदिक, गावठी, कुणी दिलेलं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "न्हाई, काही न्हाई."

एका बाजूला दादा होता, दुसऱ्या बाजूला मी. मी गप्प बसलो. डॉक्टरबाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. आजही मला त्या खोलीतली खुर्ची आठवते, तिच्या हाताला सुटलेलं रेक्झिन, आणि ते नखानं सोलत बसलेला मी.

रिपोर्ट आठ दिवसांनी आला. कॅन्सर होता. बगलेतल्या गाठींपर्यंत पोचला होता, पुढं गेलेला दिसत नव्हता. आधी केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं. मी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "सहा-सात महिने आधी आलो असतो तर?"

त्या म्हणाल्या, "ते आता कुणी सांगू शकत नाही. आणि सांगता आलं तरी मी सांगणार नाही. पुढचं बघू."

पण पुढचं पाहायच्या आधीच रक्ताचा रिपोर्ट आडवा आला. लिव्हरचे आकडे असायला हवेत त्याच्या चौपट होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, अशा लिव्हरवर केमो देता येणार नाही. कावीळ होऊन गेली का, दारू, वेदनाशामक गोळ्या, काही? वहिनी मान हलवत होत्या. मला अंदाज आला होता.

कारण गावाहून येताना मी तो डबा बरोबर आणला होता आणि प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिला होता. बाजारातलं दगडफूल एका जातीचं कधीच नसतं. कुटलेल्या पुडीत राखाडी पापुद्रे होते, ते ओळखीचे. पण त्यात पिवळट हिरवे, दाढीच्या केसांसारखे तंतूही होते. त्या जातीत एक पिवळं द्रव्य असतं. माझ्या प्लेटमध्ये सगळ्यात जोरात काम केलं होतं ते त्यानंच. आणि त्याच द्रव्याबद्दल मी प्रबंधाच्या वेळी वाचलं होतं की परदेशात ते वजन कमी करायच्या गोळ्यांत घातलं गेलं, आणि घेणाऱ्या काही जणांचं लिव्हर निकामी झालं. वाचलं, संदर्भाच्या यादीत लिहिलं, आणि विसरलो. आता तो संदर्भ मी पुन्हा काढून वाचला होता. त्यातल्या एका बाईचं वय वहिनींएवढं होतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "त्या दगडफूल खात होत्या. सहा-सात महिने. दिवसातून दोनदा, गाळासकट."

दादानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवला. "पहिल्या दिवशी तुम्ही इथंच बसला होतात."

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलं?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. किती चमचे, कशात, कधीपासून, पुडीत काय काय आहे, सगळं विचारून लिहून घेतलं. मग म्हणाल्या, कदाचित त्यानं असेल, कदाचित दुसऱ्या कशानं. थांबून बघावं लागेल. दर आठवड्याला रक्त तपासायचं, आकडे खाली आले तर केमो सुरू करायची. वहिनींना त्यांनी विचारलं, "बंद केलं ना आता?"

"व्हय," वहिनी म्हणाल्या.

"आकडे खाली नाही आले तर?" मी विचारलं.

"तर वेगळा विचार करू."

तो वेगळा विचार काय असतो हे विचारायचं धाडस मला झालं नाही. परतीच्या रस्त्यावर दादा पुढं बसला होता. बदनापूरच्या पुढं आल्यावर फक्त म्हणाला, "काच जरा खाली घे."

वहिनींना आम्ही आमच्याकडे जालन्यातच ठेवून घेतलं. दादा शेतावर परतला. तिसऱ्या दिवशी बायको त्यांच्या साड्यांच्या घड्या करून देत होती तेव्हा पिशवीच्या तळाशी तिला कागदाची पुडी सापडली. तिनं ती माझ्या हातात दिली. मी वास घेतला, मातीचा आणि लाकडाचा, माझ्या ओळखीचा.

मी वहिनींसमोर जाऊन बसलो. माझा आवाज चढला असावा, कारण बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"वहिनी, हे चालूच आहे?"

"थोडंथोडंच घेते," त्या म्हणाल्या. "हास्पिटलचं बी घेईन, हे बी घेते. दोन्हीकडून असलं म्हणजे बराबर पडंल. तुमचं संशोधन हाय ना भाऊजी, ते वाया कसं जाईल?"

मला तेव्हा भीती वाटली ती नेमकी याची. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, आणि तो त्यांच्या लिव्हरवर जाऊन बसला होता. ओरडून तो जाणार नव्हता. मी त्यांना त्या प्लेटचं सांगायला बसलो. खळगे कसे असतात, रंग कसा येतो. कॅन्सरच्या पेशी कशा मेल्या. मग म्हणालो, "शेवटी आम्ही चांगल्या पेशी घेतल्या, वहिनी. आजार नसलेल्या. त्यांच्यावर तेच टाकलं. त्याही मेल्या."

"म्हंजी ते दोघांला बी मारतंय?"

"हो."

"हे तवा काहून न्हाई सांगितलं?"

बायको शेजारी उभी होती. मला काहीतरी बरं उत्तर द्यायचं होतं. "टाळ्या पडत होत्या," मी म्हणालो.

वहिनींनी बराच वेळ पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. मग पुडी माझ्याकडे सरकवली. "टाकून द्या," म्हणाल्या. "अन् पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात अजून एक हाय, ती बी घ्या."

त्यानंतरचे तीन आठवडे मी त्यांचे डोळे पाहत होतो. कावीळ आधी डोळ्यांच्या पांढऱ्यात दिसते आणि ती दिव्याच्या उजेडात कळत नाही, म्हणून मी त्यांना सकाळी गॅलरीत चहा प्यायला बोलवायचो. ऊन त्यांच्या तोंडावर येईल अशी खुर्ची ठेवायचो. एखाद्या सकाळी पांढरं पिवळसर वाटायचं. मग मी बायकोला हाक मारायचो, ती यायची, बघायची, म्हणायची, काही नाही. मला पटायचं नाही. कॉलेजात शिकवताना फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा. मुलांना वाटायचं, सर विसरले. मी विसरत नव्हतो, मला तो रंग दिसत असायचा.

एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रोज माझ्या डोळ्यात काय पाहून राह्यले?"

"काही नाही."

"पिवळे झाले का ते पाहता ना? मला बी कळतंय. मी आरशात पाहते तुमच्या आधी उठून." मग म्हणाल्या, "तुमी भिऊ नका. तुमी भ्याले की मला लई भ्या वाटतं."

पहिल्या आठवड्याचा रिपोर्ट आला. आकडा किंचित वर गेला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुडी नंतरही चालू होती ना, म्हणून असेल, अजून एक आठवडा पाहू. घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून घेतलं आणि नळ सोडला. बायको बाहेरून दार वाजवत होती. दुसऱ्या आठवड्यात आकडा खाली आला. तिसऱ्या आठवड्यात इतका खाली आला की डॉक्टरबाईंनी मोबाइलवरच मला सोमवारची तारीख दिली. मी वहिनींना सांगायला गेलो तर त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं," आणि निवडत राहिल्या. मग त्यांची बोटं थांबली आणि त्या रडायला लागल्या.

केमोचे दिवस वाईट होते, ते सगळे सांगत नाही. केस गेले. तोंडात फोड आले, तिखटाचा वासही सहन होईना, तेव्हा आमच्या घरात दोन-तीन महिने दूधभात आणि मुगाची खिचडी एवढंच शिजायचं. ऑपरेशन झालं. त्यानंतर रेडिएशन. दर वेळी कागद हातात येईपर्यंत मला वाटायचं की आता ते सात महिने समोर येऊन उभे राहणार. ते कधी समोर आले नाहीत आणि कधी गेलेही नाहीत.

दादाला मी भाषणाचं ऑपरेशननंतर सांगितलं. हॉस्पिटलच्या बाहेर कडुलिंबाखाली बाकडं आहे, तिथं आम्ही दोघं बसलो होतो. वहिनी दगडफूल खात होत्या हे त्याला डॉक्टरबाईंच्या खोलीतच कळलं होतं. पण का खात होत्या, हे त्यानं मला कधी विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं: टाळ्या, भाषणात न सांगितलेली प्लेट, पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर गप्प बसलो ते. तो मला काय म्हणेल याची मी इतके महिने भीती घेऊन फिरत होतो. लहानपणी तो एकदाच माझ्यावर हात उचलायला आला होता, आणि वहिनीच मधे पडल्या होत्या.

दादा खाली पाहत बसला होता. मग म्हणाला, "आणून मीच देत व्हतो."

"काय?"

"दगडफूल. दर बाजारी पिंपळगावाहून आणायला सांगायची. पावशेर. मी आणायचो. पावशेर दगडफूल पिशवीभर व्हतंय रे. येवढा मसाला कोण करतंय? दुकानदारानं बी इचारलं, लग्न हाय का घरी? मी म्हणलं, बायकांचं काम हाय, आपल्याला काय करायचं." त्यानं पायानं माती सारखी केली. "एकदा इचारलं असतं तर."

त्यानं मला माफ केलं असं मला वाटलं नाही, आणि दोष दिला असंही नाही. आतून वहिनींच्या नावानं हाक आली तशी आम्ही दोघं एकदम उठलो.

ते भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. ते अजून फिरतं. भोकरदनकडच्या एका माणसाचा मला फोन आला होता, त्याच्या वडिलांच्या घशात कॅन्सर होता. दगडफूल कसं द्यायचं, असं विचारत होता. मी म्हणालो, देऊ नका, हॉस्पिटलात न्या, ते भाषण चुकीचं होतं. तो म्हणाला, "सर, औषध कंपन्यांनी तुमचं तोंड बंद केलंय का?" आणि फोन ठेवला. मी लगेच उलटा फोन लावला. चार वेळा लावला. त्यानं उचलला नाही. त्याच्या वडिलांचं काय झालं हे मला माहीत नाही, आणि अनोळखी नंबर दिसला की अजून मी पहिल्या रिंगलाच उचलतो. मी स्वतःही एक व्हिडिओ करून टाकला, सगळं खरं सांगणारा. तो फारसा कुणी पाहिला नाही.

मी ते काम सोडलं नाही. शैवाकातली ती द्रव्यं खोटी नाहीत. कुणीतरी कधीतरी त्यांतलं एखादं असं बदलेल की ते आजारी पेशीलाच ओळखेल, असं मला खरंच वाटतं. पण ते प्लेटपासून माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील आणि येईल की नाही, हे मला माहीत नाही, आणि आता मी वर्गात आधी तेच सांगतो. मुलं कंटाळतात. विज्ञान दिनाला मला बोलावलं तेव्हा मी निरोगी पेशींच्या प्लेटचा फोटो पहिल्यांदा दाखवला. टाळ्या बेताच्या पडल्या.

वहिनींचे उपचार संपून आता चौथं वर्ष चालू आहे. सहा महिन्यांनी तपासणी असते. तारीख जवळ आली की आठवडाभर आधी दादाचा फोन सुरू होतो, गाडी किती वाजता काढायची, उपाशीपोटी यायचं का, मागचे कागद कोणाकडे आहेत. एकच गोष्ट तीन-तीनदा विचारतो. मी तीन-तीनदा सांगतो. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा वहिनी आत तपासायला गेल्या होत्या आणि आम्ही दोघं बाहेर बाकड्यावर होतो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. इतका वेळ कधी लागत नाही. दादा उठून दारापर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला. त्याचा गुडघा हलत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, हातात चपला. आमची तोंडं पाहून त्या दारातच थांबल्या.

"काय झालं?" दादानं विचारलं.

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "सारं बराबर हाय म्हणाल्या बाई. पट्टा तुटला चपलीचा, तोच शिवता येतो का ते पाहत व्हते."

दादा खाली वाकून त्या चपलेचा पट्टा पाहायला लागला. बराच वेळ त्यानं मान वर केली नाही.